गुरुवारची काच

आज गुरुवार. सकाळी साडेनऊला माशांच्या टाकीची काच पुसली. आधी बाहेरून, मग आतून. वरून खाली, वाळूच्या दोन बोटं वर थांबून, तुम्ही सांगितलं होतं तसंच. चुंबक पाण्यात सोडण्याआधी त्यात वाळूचा कण अडकलेला नाही ना, हे दोनदा पाहिलं. सगळं बरोबर झालं. आणि शेवटी फडकं पिळताना मला तुमचा इतका राग आला की ते बादलीत टाकून मी बराच वेळ नुसती खुर्चीवर बसून राहिले.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. रेवाने परवा फोनवर सांगितलं, "आजी, आजोबांविषयी काहीतरी लिही ना. मी आणि निहार जपून ठेवू." मी विचारलं, इंग्रजीत लिहू का, तुम्हाला वाचायला सोपं जाईल. ती म्हणाली, "नको. तुम्ही दोघं बोलायचात तसं लिही." बरोबर बोलली पोर. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण तुमच्याशी इंग्रजीत कधी भांडले नाही. आणि हे भांडणच आहे. मुलं वाचतील तेव्हा त्यांनाही कळू दे की त्यांच्या आजोबांवर आजीचं प्रेम होतं आणि तिची एक तक्रार आहे, जिचं उत्तर द्यायला ते थांबले नाहीत.

आपल्या संसारात सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. भोसरीच्या कारखान्यात असताना तुमची सुट्टी गुरुवारची, पुढे चाकणच्या कंपनीत गेलात तरी गुरुवारचीच. माझी शाळा, म्हणून माझा रविवार. गुरुवारी मी डबा घेऊन निघायचे तेव्हा तुम्ही लुंगीवर दारात उभे, आणि रविवारी मी केस धुऊन बसले की तुम्ही कंपनीच्या बसला. मंजिरी लहानपणी म्हणायची, "आपल्या घरात दोन रविवार असतात आणि दोन्ही अर्धे."

निवृत्त झालात तरी तुमचा गुरुवार सुटला नाही. आणि मग तुम्ही ती टाकी आणलीत. चार फूट लांब, खाऱ्या पाण्याची. मी म्हटलं होतं, "चिखलीत समुद्र? तिसऱ्या मजल्यावर?" तुम्ही म्हणालात, "मी एकोणिसाव्या वर्षी समुद्र सोडून इथे आलो. आता त्याने यावं." कोकणातल्या माणसाशी यावर काय वाद घालायचा? मी फक्त अट घातली की मिठाचा एक थेंब माझ्या पुस्तकांच्या कपाटावर दिसता कामा नये. घरातली सगळी कपाटं माझी, टाकीखालचं तेवढं तुमचं, अशी वाटणी झाली. ते कपाट मी कधी उघडलं नाही. माझ्या फायलींना तुम्ही हात लावायचा नाही आणि तुमच्या मिठाला मी.

मग गेल्या होळीनंतर एका गुरुवारी तुम्ही म्हणालात, "अगं, जरा इकडे ये. खांदा धरलाय. बाहेरची काच तू पुसून देतेस का?"

मी पुसली. आरसे पुसायचा साबणाचा फवारा मारून. तुम्ही जवळजवळ ओरडलात, "अगं तो फवारा नको, त्याचा एक थेंब आत गेला तर मासे जातील!" मग साध्या गाळलेल्या पाण्यात फडकं भिजवून कडेला जमलेलं पांढरं मीठ कसं काढायचं ते दाखवलंत. पुढच्या गुरुवारी आतली काच. दोन भागांचं ते चुंबक, एक पाण्यात, एक बाहेर, बाहेरचा ओढला की आतला मागे मागे येतो. पहिल्याच फेरीत मी ते वाळूला टेकवलं, कण अडकला, आणि काचेवर बोटभर ओरखडा गेला. डाव्या बाजूला, अजून आहे. मला वाटलं तुम्ही चिडणार. तुम्ही ओरखड्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "नव्या माणसाच्या हातून पहिल्या आठवड्यात एक पीस स्क्रॅप जातोच."

"मी काय तुमच्या लाईनवर लागलेय?" मी विचारलं.

"लागलीस तर चांगलंच आहे. पगार मात्र मिळणार नाही."

किती हसलो होतो आपण. आता तो संवाद आठवला की मी हसणं वजा करून ऐकते.

गुरुवारमागून गुरुवार गेले. कोपऱ्यातलं हिरवं शेवाळ जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने काढणं. मागची काच मुद्दाम न पुसणं, कारण तिथलं गोगलगाय खाते. बादलीत मीठ कालवून त्याचा खारेपणा मोजणं. वीज गेली तर काय करायचं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसायचात आणि मी ओट्यावरून चहा आणायचे. दुपारी जेवून दोघं टाकीसमोर बसायचो. स्वच्छ काचेतून ती केशरी माशांची जोडी आणि माझा पिवळा. मी मनात म्हणायचे, उशिरा का होईना, आपल्याला एक सुट्टी मिळाली. दोघांची, एका दिवशी.

मला ती सुट्टी वाटत होती हो. ते ट्रेनिंग होतं.

पिवळ्याबद्दल मुलांना सांगायला हवं, कारण त्यांचंही त्यात काही गेलंय. पिवळा म्हणजे लिंबाच्या सालीच्या रंगाचा तो चपटा मासा. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच असलेला. मी काच पुसायला लागले की तो चुंबकाच्या मागे मागे फिरायचा. मी त्याला वर्गातला मॉनिटर म्हणायचे. एप्रिलमध्ये मी दोन दिवस देहूला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे राहून आले, तर टाकीत पिवळा नव्हता. "गेला," तुम्ही म्हणालात. "अंगावर पांढरे ठिपके आले. मी काढून खाली बागेत पुरला."

मी रडले. सत्तरीची बाई माशासाठी रडते म्हणून तुम्ही हसाल असं वाटलं, पण तुम्ही हसला नाहीत, पाठीवर हात ठेवलात. निहारला व्हिडिओवर सांगितलं तर तोही रडला. त्याने पिवळ्याचं चित्र काढून पाठवलं, खाली वाकड्यातिकड्या मराठीत "पिवळ्या तुझी आठवन येते". ते चित्र तुम्ही सोसायटीसमोरच्या दुकानातून रंगीत छापून आणलंत आणि स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावलंत. चारही कोपऱ्यांना टेप. वाकडं तर नाही ना लागलं, असं मला विचारलंत.

तुम्ही गेलात तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार, पण घरात माणसं, सुतक, काचेकडे कोण बघणार? मंजिरी आली, पंधरा दिवस राहिली. तोवर काचेवर तपकिरी थर चढून आतलं काही दिसेनासं झालं. मासे आहेत की नाहीत, हे दाणे टाकले की पाणी हलतं त्यावरून कळायचं. जाताना मंजिरी म्हणाली, "आई, देऊन टाक आता हे सगळं. बाबांचा नाद होता. तुला कशाला तो व्याप?"

मलाही पटलं. मी दोन गुरुवार कशीबशी काच पुसली आणि मग सांगवीला सय्यदभाईंच्या दुकानात गेले. तुम्ही मासे, मीठ, सगळं त्यांच्याकडून आणायचात. मी एकदाही गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले होते, पण पुरुषांमध्ये बसून गेले होते.

"या मॅडम, बसा. पाणी घेता?" त्यांनी स्टूल पुसून दिलं.

मी म्हटलं, टाकी द्यायची आहे, माशांसकट, पुढच्या गुरुवारी घेऊन जा. ते मान डोलावत होते. आणि त्यांच्या खांद्यामागच्या टाकीत पिवळा होता.

पिवळे मासे पुष्कळ असतात, हे मला कळतं. पण शेपटीला खाच होती. मी उठून काचेवर बोट ठेवलं आणि हळूच डावीकडून उजवीकडे नेलं. तो मागे मागे आला.

"हा कुठला?"

"हा तुमचाच की मॅडम. साहेब एप्रिलमध्ये बादलीत घेऊन आले होते. म्हणाले, सय्यदभाई, ह्याचं लई करावं लागतं, लगेच आजारी पडतो, मॅडमना एकट्याने नाही झेपायचा. मी विकला नाही बघा त्याला. साहेबांचा म्हणून ठेवला."

"एकट्याने म्हणजे?"

त्यांनी स्टूल पुसायच्या फडक्याची घडी घातली. मग खाली बघत म्हणाले, "हार्टचं एवढं निघाल्यावर साहेब पुढचं सगळं लावून देत होते ना. डॉक्टरांनी ऑपरेशन पण नाही म्हटलं होतं. मला म्हणाले, घरी सगळ्यांना माहितीये, फक्त तुम्ही विषय काढू नका." त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, तुम्हाला माहिती होतं ना?"

"होतं ना," मी म्हणाले.

चाळीस वर्षं वर्गात मी पोरांचं खोटं डोळ्यांवरून पकडलं. त्या दिवशी माशांच्या दुकानात मी स्वतः खोटं बोलले, कारण माशांच्या दुकानदाराला जे माहीत होतं ते बायकोला माहीत नव्हतं, हे मला त्यांच्यासमोर सांगवलं नाही. तुमची लाज मी राखली की माझी, अजून ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन चपला काढल्या, आणि टाकीखालचं तुमचं कपाट उघडलं.

मिठाच्या पिंपामागे प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात हॉस्पिटलचे कागद. पहिला कागद होळीच्या आठवड्यातला. म्हणजे खांदा धरला होता तो गुरुवार त्यानंतरचा. मी या घरात गॅसच्या पावत्यासुद्धा वर्षवार लावून ठेवते, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा कागद तुम्ही मिठामागे ठेवलात, कारण तिथे मी हात घालणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. माझ्या शिस्तीचाच आडोसा केलात.

त्या कागदांखाली आणखी एक कागद होता. त्यावर गोल काढलेले होते.

मुलांना आठवत असेल, आजोबांचे गोल. कंपनीत भिंतीवर एक तक्ता असतो, कोणत्या कामगाराला कोणतं काम किती येतं त्याचा. प्रत्येक कामापुढे एक गोल, गोलाचे चार कप्पे. एक भरला, म्हणजे शिकतो आहे. दोन, कोणी शेजारी उभं असेल तर करतो. तीन, एकट्याने करतो. चारही भरले, म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. रेवा सायकल शिकली त्या सुट्टीत तुम्ही फ्रिजवर तिचा गोल काढला होतात. तीन कप्प्यांवर अडली म्हणून ती रुसली, तर तुम्ही म्हणालात, "निहारला शिकव, मग चौथा."

मिठामागच्या त्या कागदावर वर माझं नाव होतं. शालिनी. खाली तुमच्या सुवाच्य अक्षरात कामं. बाहेरची काच. आतली काच. कोपरे. मीठ कालवणे. पाणी बदलणे. पंप धुणे. वीज गेल्यास. प्रत्येकापुढे गोल, आणि गोलाखाली गुरुवारची तारीख. आतल्या काचेपुढे पहिल्याच तारखेला बारीक अक्षरात "ओरखडा १". शेवटची तारीख त्या गुरुवारची, ज्या दिवशी तुम्ही "भाजी आणतो" म्हणून गेलात आणि दीड तास आला नाहीत. मी सगळं एकटीने केलं. मध्येच गॅलरीत फडकं वाळत घालताना मला तुम्ही खाली बागेतल्या बाकावर बसलेले दिसलात, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं, कंटाळले असतील. तुम्ही परीक्षा घेत होता. त्या दिवशी सातही गोल तीन कप्प्यांपर्यंत भरले.

आणि कागदाच्या तळाशी, कंपनीत असते तशी, सह्यांची जागा. शिकवणाऱ्याची सही: तुमची. कामगाराची सही: कोरी.

ती कोरी जागा मला सगळ्यात जास्त लागली. कारण एकदा कंपनीत तपासणी होती, आणि तुमच्या मॅनेजरने सांगितलं होतं की तक्त्यावरचे रिकामे गोल तुम्हीच भरून टाका. तुम्ही नाही म्हणालात. घरी येऊन जेवताना मला सांगितलंत, "माणसाला न दाखवता त्याचा गोल मी भरत नाही. त्याला आधी कळायला पाहिजे आपण कुठे आहोत." त्यावरून तुमची बढती दोन वर्षं लांबली. मला तुमचा त्या दिवशी किती अभिमान वाटला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते आज सांगते. आणि हेही सांगते की शेकडो कामगारांसाठी पाळलेला तो नियम तुम्ही एकाच माणसासाठी मोडलात.

माझी आई साताऱ्याला आजारी होती तेव्हा माझ्या भावांनी तिच्यापासून सगळं लपवलं. शेवटी ती मला म्हणाली होती, "सगळे माझ्याशी लहान मुलासारखं का बोलतात गं?" परतीच्या एसटीत मी तुम्हाला म्हटलं, माझ्याशी असं कधी करू नका, मला सगळं सांगायचं. तुम्ही म्हणालात, "नाही करणार. शब्द." तुम्ही शब्दाचे पक्के, म्हणून मी पुन्हा कधी आठवण करून दिली नाही.

माहीत असतं तर मी काय केलं असतं? तुम्ही म्हणाल, तू रोज कागद काढून बसली असतीस, दुसरं मत, तिसरं मत, पथ्याचं वेळापत्रक. हो, केलं असतं. आणि शेवटी थकून तुमच्याशेजारी बसले असते. तेवढं तरी माझं मला कळून झालं असतं. तुम्ही त्या काचेच्या आतल्या बाजूला होता आणि मी बाहेरून मीठ पुसत होते.

इथपर्यंत लिहून मी दुपारी थांबले होते. सकाळी काच पुसताना एक आठवलं होतं, आणि ते लिहिलं नाही तर माझं हे लिहिणं खोटं ठरेल.

गणपतीनंतरचा गुरुवार. कोपऱ्यात चुंबक पोचत नव्हतं म्हणून तुम्ही स्वतः हात घातला होतात. कोपरापर्यंत पाण्यात. पाठमोरे. तुम्ही म्हणालात, "शालिनी, एक सांगायचं होतं."

तुम्ही मला नेहमी "अगं" म्हणायचात. नाव घेतलंत.

मी म्हटलं, "आधी ती बाही वर करा. शर्टाला खारं पाणी लागतंय, डाग जात नाहीत."

तुम्ही हात बाहेर काढलात, बाही नीट दोन घड्या करून वर केलीत. मी फडकं दिलं. "काय सांगत होता?"

"काही नाही. कोपऱ्यात थोडं राहिलंय."

मी ते "काही नाही" ऐकलं आणि कोपरा पुसला. वर्गात कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

आज संध्याकाळी सय्यदभाईंना फोन केला. ते म्हणाले, "निघतोच मॅडम, टेम्पो सांगितलाय."

"टेम्पो नको. टाकी राहू दे. तुम्ही पिवळ्याला घेऊन या."

"मॅडम, त्याचं लई करावं लागतं."

"करीन."

"साहेब म्हणाले होते की..."

"साहेबांनी मला विचारलं नव्हतं, सय्यदभाई. काहीच."

त्यांना कळलं असावं. मग म्हणाले, "आणतो. बादलीतनं आणतो, हळू."

आता तो टाकीत आहे. अजून दगडाआड बसलाय, रुसल्यासारखा. निहारला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या व्हिडिओवर दाखवीन आणि कसा परत आला ते खरं खरं सांगीन. तो आधी आनंदेल, मग तुमच्यावर चिडेल. चिडू दे. फ्रिजवरचं चित्र मी काढणार नाही.

तुमचा तो कागद मी माझ्या कपाटात ठेवला आहे, फायलीत, नाव घालून. माझ्या गोलांना हात लावलेला नाही आणि माझ्या कोऱ्या जागेवर सहीही केलेली नाही. फक्त सगळ्यांत खाली एक ओळ वाढवली. काम: बायकोला सांगणे. पुढे तुमचं नाव, एक गोल आणि सह्यांच्या दोन नव्या जागा. आठवडाभर तो गोल पूर्ण रिकामा होता, आणि तो तसाच राहणार असं मी ठरवलं होतं.

आज ती बाही आठवल्यावर पेन्सिल घेतली आणि एक कप्पा भरला. शिकतो आहे, एवढंच. शिकवणाऱ्याच्या नव्या जागी मी सही केली. शेजारची कामगाराची जागा तुमची आहे. ती तशीच कोरी आहे.